चाळीस चिंचोके

तळ्याच्या शंभर पावलं अलीकडे एक करंजाचं झाड होतं. तिथे पोचले की चाचा खाली वाकायचे, पायातल्या वहाणा काढायचे, एकीवर एक ठेवून बुंध्याशी टेकवायचे आणि मागे न पाहता उजव्या हाताचा तळवा वर करायचे. म्हणजे, तुम्हीही काढा.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "इथे कशाला? काटे आहेत."

ते म्हणाले, "काटा लागला तर आपल्याला लागंल, बाई. वहान वाजली तर पान्याला लागती."

मुलांनो, या लिखाणासोबत एक निळी वही पाठवते आहे. तिचे कोपरे झिजले आहेत आणि शिवण एकदा मी पुन्हा घातली आहे. वही इंग्रजीत आहे, ती तुम्हाला वाचता येईल. हे लिखाण मराठीत आहे, ते आईकडून वाचून घ्या. तिने घाईत वाचलं तर थांबवा. वहीत तारीख, वेळ, काठ, पक्ष्याचं नाव आणि संख्या असे पाच रकाने आहेत. त्यातले सगळे आकडे मी माझ्या डोळ्यांनी पाहून लिहिलेले आहेत, दोन सोडून. त्या दोन आकड्यांसाठी मला हे लिहायचं आहे.

तेव्हा पिंपरी-चिंचवड असं एक नाव नव्हतं. पिंपरी वेगळी, चिंचवड वेगळं, मध्ये ज्वारीची रानं. तुमचे आजोबा नव्या कारखान्यात रसायनं तपासायच्या कामाला लागले आणि मी पुण्याहून त्यांच्या मागोमाग आले, एक ट्रंक आणि बी.ए.ची पदवी घेऊन. चिंचवडच्या पलीकडे, तळवड्याच्या वाटेवर, पत्र्याच्या छपराची एक शाळा होती. तिथे मी इंग्रजी आणि गणित शिकवायला लागले. चाचा तिथले शिपाई. जवळच्याच एका वाडीतले, पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेल्या मुसलमान घरातले. मुलं त्यांना चाचा म्हणायची, म्हणून आम्ही शिक्षकही चाचाच म्हणायचो. त्यांचं हजेरीपटावरचं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहीत नाही. त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

शाळेला घड्याळ एकच, हेडबाईंच्या खोलीत, आणि ते बहुतेक बंद. चाचा घंटा द्यायचे ती स्वतःच्या हिशेबाने. पहिल्याच आठवड्यात मी मनगटावरचं घड्याळ पुढे करून त्यांना सांगितलं, की घंटा दोन मिनिटं उशिरा झाली.

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "बगळं तर आत्ता गेलं की. तुमचं घड्याळ पुढं हाय, बाई."

संध्याकाळी मी ते रेडिओशी लावून पाहिलं. पुढे होतं. बरोबर दोन मिनिटं.

दुसरं त्यांचं काम बोरू करून देण्याचं. सुंदर अक्षराच्या तासाला मुलांना बोरू लागायचे आणि बोरूचं टोक तिरकं छाटणं हे कोणाच्याही हाताचं काम नाही. चाचांच्या कमरेला हाडाच्या मुठीचा छोटा चाकू असायचा. मुलं रांगेत उभी राहायची. बोरू डाव्या अंगठ्यावर टेकवायचा, एक फटका, टोक तयार. दुसरा फटका मारलेला मी कधी पाहिला नाही.

"चाचा, माझा आणखी बारीक करा."

"आनखी बारीक केला तर अक्षर उपाशी दिसंल. चल, पुढचा."

त्या हाताचं मी एकदा कौतुक केलं, तेव्हा त्यांनी चाकू पुसता पुसता सांगितलं. ते मुलाण्याच्या घरचे. गावात जनावर कापायचा मान त्यांच्या घराकडे. जत्रा असो, लग्न असो, बोलावणं त्यांना. वडिलांनंतर बारा वर्षं त्यांनी ते केलं. मग धाकट्या भावाच्या हाती सुरी दिली आणि शाळेत झाडू मारायला आले.

"का सोडलंत?" मी विचारलं.

"माझा हात लई हलका. जनावराला कळायचंच न्हाई." त्यांनी चाकू कमरेला खोचला. "पन मला कळायचं."

आता तळं. तुम्ही जिथे राहता तिथे तळ्यांभोवती बाक असतात आणि बदकांना काय खायला घालू नये याच्या पाट्या. आमच्या तळ्याला नावसुद्धा नव्हतं. तीन बाजूंनी उतार, एका बाजूला जुना मातीचा बांध, पूर्वेच्या काठाला लव्हाळं आणि मध्ये थोडी कमळं. एका टोकावर उभं राहून दुसऱ्या टोकावरची म्हैस कोणाची आहे हे ओळखता येईल, एवढंच. शाळेपासून चालत अर्धा तास. रविवारी सकाळी चाचा तिथे जातात असं कळल्यावर मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं. माझ्याकडे माझ्या वडिलांचं एक इंग्रजी पक्ष्यांचं पुस्तक होतं आणि दुर्बीण होती. मला वाटलं होतं, मी त्यांना नावं सांगेन.

ती त्यांना सगळी माहीत होती. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, लाल काठ्यांवर उभा असल्यासारखा शेकाट्या, मातीच्या रंगाची ढोकरी, जी उडाली की एकदम पांढरी दिसते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पक्षी दिसला. मी पुस्तकात शोधायला लागले. "वारकरी," चाचा म्हणाले. "इंद्रायनीच्या एवढ्या जवळ ऱ्हातो, टिळा लावतो, आनि काय नाव ठिवनार?"

पण त्यांचं मन होतं ते हळदी-कुंकू बदकांवर. मातकट, खवल्याखवल्यांचं अंग, चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाची दोन बोटं. पाऊस सरला की ती यायची, उन्हाने पाणी मागे हटलं की जायची. थंडीत ती किती आली, हे चाचा दरवर्षी मोजत. लिहिता येत नव्हतं, म्हणून चिंचोके. एका पक्ष्याचा एक चिंचोका, उजव्या खिशातून निघून मांजरपाटाच्या छोट्या पिशवीत. थंडी संपेपर्यंत जो सगळ्यांत मोठा आकडा होईल तेवढे चिंचोके पिशवीत राहायचे, पुढच्या थंडीपर्यंत. मागची थंडी घरी खुंटीला टांगलेली असते, असं ते म्हणत.

मी पहिल्याच दिवशी चुकले. एक टिबुकली मोजली, ती बुडाली, दुसरीकडे वर आली, ती मी दुसरी म्हणून मोजली. चाचांना न बघता कळलं.

"बुडाली ती मोजू नका. वर आली की मोजा. दिसलं तेवढंच, बाई."

हे त्यांचं नेहमीचं. मी म्हणायची, लव्हाळ्यात आणखी पाच-सहा असतील. "असतील. दिसलं तेवढंच." मी म्हणायची, मागच्या रविवारी होती म्हणजे आजही असणार. "दिसलं तेवढंच." हे वाक्य मी माझ्या गणिताच्या वर्गात वापरायला लागले.

त्या थंडीत आम्ही चौथीची मुलं तळ्यावर नेली. एकतीस मुलं. हेडबाई म्हणाल्या, तुम्ही वेड्या आहात, अर्ध्या वाटेत सगळे पक्षी उडून जातील. करंजाखाली वहाणांचा ढीग झाला. मग चाचांनी प्रत्येकाच्या तोंडात एक चिंचोका ठेवला.

"दातांत धरा. बोललात तर पडंल. गिळलात तर पोटात झाड येईल."

एकतीस मुलं तासभर गप्प बसली. परतताना एका मुलीने माझा पदर ओढून हळूच विचारलं, की झाड यायला किती दिवस लागतात.

पुढच्या पावसाळ्यात चाचा एका संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर बसून होते. पुण्याच्या दवाखान्यातून आले होते. काचबिंदू. "डाक्टर म्हनला, गेलेला उजेड माघारी येत न्हाई. हाय तो थोडा दीस ऱ्हाईल." मग हातातली टोपी गुडघ्यावर सरळ करत ते म्हणाले, "बाई, यंदापासनं तुमी मोजा. मी चिंचोके टाकतो. आनि तुमी लिवून ठिवा. माझ्या मागं कुनाला तरी ठाव पायजे, की हितं पाखरू येत व्हतं."

त्यासाठी ही निळी वही आणली. पुण्याहून आणली, कोऱ्या चांगल्या कागदाची. रकाने पट्टीने आखले. चाचांना एकूण बेरीज चालत नसे. मी दुर्बिणीतून पाहून "चौदा" म्हटलं की ते हात तसाच धरून ठेवायचे.

"एकदम नका म्हनू. एकेक म्हना. एकेक आलंय ते."

म्हणून मी एक, दोन, तीन म्हणायची आणि प्रत्येक आकड्याला एक चिंचोका पिशवीत पडायचा. त्यांच्या डोळ्यांना पाणी फक्त उजळ दिसायचं, वरची बदकं दिसायची नाहीत. पण मान त्या बाजूला असायची आणि मी जरा भरभर म्हटलं तर त्यांचा हात मागे राहायचा. पौषात एके सकाळी चाळीस झाली. इतकी त्यांच्या आठवणीत कधी झाली नव्हती. पिशवीचं तोंड आवळून त्यांनी ती कानाशी हलवली आणि मला ऐकायला दिली.

माझ्या वहीत एक पान जास्तीचं होतं. ते कोणी मागितलं नव्हतं. मला नकाशे काढायला आवडायचं, म्हणून मी शाळेपासून तळ्यापर्यंतची वाट, करंज, बांध, लव्हाळं, सगळं मापाने काढलं होतं. पूर्वेच्या काठावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सकाळी सात ते आठ, चाळीस.

त्याच आठवड्यात तुमच्या आजोबांचे वरचे साहेब आमच्याकडे जेवायला आले. परप्रांतातले, रुबाबदार, बोलायला गोड. मी काय वाचते असं त्यांनी विचारलं. मी वही आणून दाखवली. त्यांनी पानं सावकाश उलटली आणि आजोबांना इंग्रजीत म्हणाले, की तुमच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी इतक्या नीट असत्या तर बरं झालं असतं. सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसले. दोन दिवसांसाठी नेऊ का, त्यांनी विचारलं. रविवारी आपण सगळेच जाऊ या, म्हणाले. मी वही दिली. वरून धूळ पुसून दिली.

रविवारी सकाळी दोन जीपगाड्या आल्या. मी दुर्बीण गळ्यात घालून बसले. माझ्या पायाशी चामड्याच्या लांब पिशव्या होत्या. त्यांत काय आहे ते मला गाडी हलल्यावर कळलं.

करंजाशी जीप थांबली नाही. बुंध्याशी चाचांच्या वहाणा होत्या, एकीवर एक. मी त्या जाताना पाहिल्या.

मी बोलू शकले असते. आमच्या घरापासून गाडीनेही अर्धा तास लागला. साहेबांना, आजोबांना, ड्रायव्हरला, कोणालाही. मी बोलले नाही. हे वाक्य मी आज दोन-तीन प्रकारांनी लिहून पाहिलं. दुसरं कुठलंही तिथे बसत नाही.

चाचा नेहमीच्या जागी बसलेले होते, माझी वाट बघत. गाड्यांच्या आवाजाने उठून उभे राहिले. "बाई? किती मानसं हायेत?" मी "चार" म्हणेपर्यंत पहिला बार झाला. तळं सबंध उठलं. बगळे, ढोकऱ्या, शेकाटे, वारकरी, सगळं एकाच वेळी, आणि त्या वर गेलेल्या आवाजात आणखी बार. मग पंखांचा आवाज लांब गेला आणि पाण्यावर लाटा काठाला लागत राहिल्या.

एक बदक मोडक्या पंखाने फडफडत काठाला आलं. साहेबांच्या माणसाने ते पायाने अडवलं. ड्रायव्हर जवळपासचाच होता. तो सहज मोडक्या हिंदीत बोलून गेला, "साहेब, हा म्हातारा मुलाण्याचा आहे. त्याच्याकडे द्या."

साहेब चाचांकडे वळले. "अच्छा? तो तुम करो."

"मी सोडलंय ते, साहेब."

साहेबांना मराठी समजत नव्हतं. बदक चाचांच्या अनवाण्या पायांशी आदळत होतं. चाचा खाली बसले, आवाजावरून त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. ते थोडं शांत झालं. त्यांनी एक बोट त्याच्या चोचीवरून टोकापर्यंत फिरवलं, मग मुळाशी, जिथे कुंकू असतं तिथे. कमरेचा चाकू काढला.

"बाई, तिकडं बगा."

मी बांधाकडे बघितलं. त्यांनी हलक्या आवाजात देवाचं नाव घेतलं, ते ऐकू आलं. दुसरा कुठलाही आवाज आला नाही.

गाड्यांत सामान चढत असताना त्यांनी विचारलं, "किती पडली?"

"सहा," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी उघडली, सहा चिंचोके एकेक करून काढले आणि काठच्या ओल्या मातीत अंगठ्याने दाबले.

घरी येताना आजोबा एवढंच म्हणाले, "त्यांच्या सहीवर माझी नोकरी आहे." मला ते माहीत होतं. मी त्यांच्यावर रागावले नाही. वही सोमवारी परत आली, साहेबांच्या आभाराच्या चिठ्ठीसकट. नकाशाच्या पानावर कोणीतरी कागद ठेवून सगळ्या रेघा दाबून गिरवल्या होत्या. उजेडात धरलं की चरे दिसतात. पानावरून बोट फिरवा, तुम्हालाही लागतील. त्यानंतर होळीपर्यंत दर रविवारी तळ्यावर बार वाजत होते. दर वेळी माणसं निराळी असायची.

चाचा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घंटा देत, माठ भरत, माझ्या वर्गापुढून झाडू मारत जात. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर कापडात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली. हाडाच्या मुठीचा चाकू.

"हेडबाईंना सांगा, दुसरा द्या म्हनावं. यानं पोरांचं बोरू न्हाई करायचं."

मी म्हटलं, "चाचा, वही मीच दिली त्यांना."

"ठाव हाय."

ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. "दिसलं तेवढंच लिवलं व्हतं न्हवं?"

"हो."

"मंग वहीची चूक न्हाई."

माझी होती की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पुढच्या थंडीपर्यंत त्यांचा उजेड पूर्ण गेला. हेडबाई चांगल्या होत्या. त्यांनी त्यांना घंटेवरून काढलं नाही. डोळ्यांशिवायही घंटा वेळेवर व्हायची. बगळ्यांचा आवाज मला कधी ऐकू आला नाही, त्यांना येत असावा. दिवाळीनंतर ते मला रोज सकाळी फाटकात विचारायचे, "आली का?" मी दर रविवारी जात होते. करंजाखाली चपला काढत होते. तळ्यावर काही नव्हतं. एखादी टिबुकली, बांधावर एखादी टिटवी. मी सांगायची, "अजून थंडी कुठे पडली आहे?" मग थंडी पडली. मग मी सांगायची, "अजून कडक पडलेली नाही."

त्यांना खोकला लागला होता. बोलताना मध्ये थांबावं लागायचं. पौष निम्मा सरल्यावर ते म्हणाले, "मला न्या, बाई. यंदाची मोजून घिऊ द्या. पुढलं कुनी बगितलंय?"

मी छत्रीचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. करंज आलं हे त्यांना माझ्या आधी कळलं. ते वाकले, वहाणा काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि तळवा वर केला. गवतावर दव होतं. नेहमीच्या जागी बसवल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. ती त्यांनी रिकामी करून आणली होती, नव्या थंडीसाठी. उजवा खिसा चिंचोक्यांनी फुगलेला होता.

पाणी तसंच पडलेलं होतं. वाराही नव्हता. लांब एक टिबुकली, काठाशी दोन शेकाटे.

"बोला, बाई."

मी वही उघडली. "आहेत," मी म्हटलं.

त्यांची मान वर झाली. "किती?"

मला एखादा आकडा मनानेही काढता आला असता. पण मला आकडे मनाने काढायची सवय नव्हती. मी मागचं पान उलटलं आणि गेल्या पौषातला आकडा वाचला.

"चाळीस."

"एकेक म्हना."

मी एक म्हटलं. चिंचोका पडला. दोन. तीन. तुम्ही कधी मोठ्याने चाळीसपर्यंत मोजून बघा, सावकाश, प्रत्येक आकड्यानंतर कोणीतरी हात खिशात घालून बाहेर काढेपर्यंत थांबून. वीसच्या सुमाराला टिबुकली बुडाली. मी तिच्याकडे बघत मोजत राहिले, म्हणजे आवाज एका जागेकडून येतो आहे असं वाटावं. एकतीस, बत्तीस. चौतीस.

पस्तीस म्हटलं तेव्हा त्यांचा हात पिशवीच्या तोंडाशी थांबला. मी थांबले. मग बोटं सुटली आणि चिंचोका पडला. छत्तीस. त्या पुढच्या प्रत्येकाला हात थोडा थोडा थांबत होता. चाळीस.

त्यांनी पिशवीची दोरी आवळली.

"ती सहाबी आली म्हनायची," ते म्हणाले.

मला तेव्हा कळलं. मी मागचं पान वाचलं होतं आणि त्याच्या पुढे काय झालं ते वजा करायला विसरले होते. मी गणित शिकवत होते.

परत येताना आम्ही दोघं छत्रीची दोन टोकं धरून चाललो. करंजाखाली त्यांनी वहाणा घातल्या, खोकला जाऊ दिला आणि माझ्याकडे नाही, जरा बाजूला तोंड करून हसले.

"पुढल्या बारीला जरा कमी सांगा, बाई. चाळीस असली की पानी बोलतं."

सोमवारपासून ते फाटकात काही विचारेनासे झाले.

होळीनंतर मी बाळंतपणासाठी पुण्याला गेले. तुमची आई व्हायची होती. पाऊस सुरू झाल्यावर तिला घेऊन परत आले, तेव्हा शाळेची घंटा एक दुसराच माणूस देत होता. माझ्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर. हेडबाईंनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. वैशाखाच्या अखेरीला, त्या म्हणाल्या. खोकल्यानेच. तुम्हाला पत्र टाकणार होते, पण अशा दिवसांत तुम्हाला कशाला, म्हणून नाही टाकलं.

चार दिवसांनी चाचांची धाकटी मुलगी घरी आली. लग्न झालेली, बापाच्या आजारपणासाठी माहेरी येऊन राहिलेली. तिने बाळाच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि कनवटीची मांजरपाटाची पिशवी काढून माझ्यापुढे केली.

"अब्बांनी ही तुमाला द्यायला सांगितली."

पिशवी हलकी होती. मी उघडून तळहातावर उलटी केली. एकच चिंचोका पडला.

"तुमी गेल्यावर मला रोज सकाळी तळ्यावर न्यायला लावायचं," ती सांगायला लागली. "मी म्हनायची, अब्बा, काय न्हाई तितं, चिखल झालाय समदा. ऐकायचं न्हाईत. जायचं, वहाना काढायच्या, बसायचं. एक दीस मला म्हनलं, गप, एक आलंय. मग ह्यातलं समदं चिंचोकं पान्यात टाकलं आनि एक ठिवला. म्हनलं, बाईंना सांग, दिसत तर काय न्हाई, ऐकलं तेवढंच ठिवलंय."

मी विचारलं, "तू ऐकलंस का?"

तिने जरा विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती. "मी पदर घेत व्हते डोक्यावर. ऊन लागत व्हतं. न्हाई ऐकलं, बाई."

वैशाखात त्या तळ्यावर पाणी घोट्याएवढं राहतं. त्या दिवसांत तिथे हळदी-कुंकू बदक नसतं. माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी तेच सांगतात. पण रस्ता चुकलेलं एखादं येऊ शकतं. आणि त्या माणसाचे कान माझ्या घड्याळापेक्षा बरोबर होते, हेही मी पाहिलेलं आहे. ते खरोखर आलं होतं, की मी त्यांना जसे चाळीस दिले तसं त्यांनी मला एक दिलं, हे मी इतकी वर्षं ठरवू शकलेले नाही.

तळवड्याच्या बाजूला आता काचेच्या इमारती आहेत. मागे एकदा रिक्षाने त्या रस्त्याने गेले होते. तळं कुठे होतं ते मला सांगता आलं नाही, करंजही सापडलं नाही. बांधाचा थोडा चढ राहिला आहे, असं मला वाटलं. रिक्षा त्यावरून जाताना जरा उचलली गेली.

वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर बघा. तिथे माझ्या अक्षरात चाळीस आहे. तो आकडा खोटा आहे, तो मी खोडलेला नाही आणि तुम्हीही खोडू नका. त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, एक आहे. तारखेचा रकाना मोकळा आहे, कारण ती मुलीला आठवत नव्हती.

चिंचोका मात्र मी पाठवत नाही. तुमच्याकडे विमानतळावर बी-बियाणं अडवतात असं ऐकलं आहे. पण कारण ते नाही.